एजंट कोणाचा? घर-जमिनीच्या व्यवहारात एजंटची कायदेशीर कर्तव्यं, आणि ती पाळून घ्यायची कशी

माझ्या आत्यानं नाशिकच्या पंचवटीतलं जुनं घर विकायला काढलं तेव्हा एजंट रोज संध्याकाळी चहाला यायचा. तिला मावशी म्हणायचा, औषधं आणून द्यायचा. बाजार थंड आहे, एवढा भाव पुन्हा यायचा नाही असं त्यानं सांगितलं, आणि आत्यानं ४६ लाखांना होकार दिला. सहा महिन्यांनी शेजाऱ्यांकडून कळलं की दुसरं एक गिऱ्हाईक ४९ लाख द्यायला तयार होतं. ते दुसऱ्या एजंटकडून आलं होतं, म्हणजे दलाली वाटून घ्यावी लागली असती. म्हणून तो निरोप आत्यापर्यंत पोचलाच नाही. शिवाय घेणाऱ्याकडूनही त्यानं दलाली घेतली होती. आम्ही विचारायला गेलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मावशी, मी तर दोघांचाही माणूस."

आमच्याकडे एका ओळीचाही कागद नव्हता. त्यानंतर मी एजंटांबद्दलचा कायदा कलम-कलम वाचून काढला. आता नात्यात कुणी घर घेतं किंवा विकतं, तेव्हा पहिल्या बैठकीला मला बोलावतात. तिथे मी पहिला प्रश्न एकच विचारतो: तुम्ही नक्की कोणाचे एजंट? पुढची सगळी कर्तव्यं या उत्तरावर उभी राहतात. म्हणून हा लेख व्यवहार ज्या क्रमानं घडतो, त्या क्रमानं लिहितो आहे.

आधी कायदा कुठला ते पाहा

एजंटला बांधणारे मुख्य कायदे दोन. पहिला भारतीय करार कायदा, १८७२. त्यातलं कलम १८२ पासूनचं प्रकरण अभिकर्त्याबद्दल, म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं काम करणाऱ्याबद्दल आहे. तुमच्या सांगण्यावरून तुमच्यासाठी घर विकणारा किंवा शोधणारा एजंट या प्रकरणात येतो. व्यवहार जुन्या घराचा असो, शेतजमिनीचा असो की भाड्याचा.

दुसरा २०१६ चा रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायदा. तो बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीला लागतो. अशा प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून देणाऱ्या एजंटची महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी असलीच पाहिजे (कलम ९). दलाल, ब्रोकर, प्रॉपर्टी कन्सल्टंट असं काहीही नाव लावलं तरी सुटका नाही. मोबदला घेऊन दोन बाजूंची नुसती गाठ घालून देणाराही कायद्याच्या व्याख्येत बसतो.

लोक इथे एक चूक करतात. इंदिरानगरमधला दहा वर्षं जुना फ्लॅट मालकाकडून थेट घेताना "एजंट रेराचा आहे ना?" एवढं विचारून निश्चिंत होतात. जुन्या घराच्या फेरविक्रीत तुमच्या हाती मुख्य हत्यार करार कायद्याचं असतं, आणि ते कागदाशिवाय चालवणं अवघड जातं.

नोंदणी तपासणं

हे पाच मिनिटांचं काम आहे. महारेराच्या संकेतस्थळावर एजंटचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाका. नोंदणी पाच वर्षांसाठी असते, त्यामुळे मुदत संपलेली नाही ना हे पाहा. २०२३ पासून महारेरानं एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षेचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं आहे, तेही मागा. दुकानात नोंदणी प्रमाणपत्र दिसेल असं लावणं आणि जाहिरातीच्या कागदांवर आपला व प्रकल्पाचा क्रमांक छापणं ही एजंटची जबाबदारी आहे. नाशिक जिल्ह्यातल्या प्रकल्पांचे जुने क्रमांक 'पी५१६' ने सुरू होतात. पाथर्डी फाट्यावरच्या प्रकल्पाच्या पत्रकावर दुसऱ्याच जिल्ह्याचा क्रमांक दिसला, तर तिथेच थांबा.

नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली विक्री करून देणं एजंटला मना आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. पण मोठ्या प्रकल्पाबद्दल "रेरा नंबर येतोय, आत्ता प्री-लाँचचा भाव धरून ठेवा" असं कोणी म्हणालं, तर तो कायदा मोडतो आहे हे ओळखा. अशा एजंटला रेराच्या कलम ६२ खाली दिवसाला १०,००० रुपये दंड होऊ शकतो. ही रक्कम वाढत जाऊन मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे ४० लाखांच्या फ्लॅटला २ लाख. मात्र हा दंड सरकारजमा होतो, तुमच्या खिशात येत नाही. तुमचे बुडालेले पैसे परत मिळवण्याची वाट वेगळी आहे, ती शेवटी सांगतो.

कोणाचा माणूस, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या

नाशकात बहुतेक व्यवहार तोंडी सुरू होतात. गंगापूर रोडवरच्या एका फ्लॅटमागे कधीकधी चार-चार एजंट असतात. एकाकडे मालक, दुसऱ्याकडे गिऱ्हाईक, मधले दोघे फोन फिरवणारे. शेवटी सगळेच दलालीत वाटा मागतात, आणि चूक कोणाची हे विचारलं की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. करार कायदा याबाबत स्पष्ट आहे. तुम्ही नेमलेल्या एजंटनं, तुमची संमती किंवा धंद्याची तशी रीत असल्याशिवाय, आपलं काम परस्पर दुसऱ्यावर सोपवायचं नाही (कलम १९०). सोपवलंच, तर त्या दुसऱ्याच्या कामाची जबाबदारी तुमच्याशी पहिल्यानंच घ्यायची (कलमं १९२ आणि १९३). म्हणून नेमणूक एकालाच करा आणि लेखी करा. साध्या कागदावर एवढं पुरतं:

"मी माझी अमुक सदनिका विकण्यासाठी आजपासून ९० दिवस आपली नेमणूक करत आहे. आपण फक्त माझ्या वतीने काम कराल. खरेदीदाराकडून कोणताही मोबदला घ्यायचा असल्यास आधी माझी लेखी संमती घ्याल. आलेला प्रत्येक प्रस्ताव, कमी असो वा जास्त, २४ तासांत मला व्हॉट्सॲपवर कळवाल. दलाली किमतीच्या अमुक टक्के, खरेदीखताची नोंदणी झाल्यावरच देय. मूळ कागदपत्रे आपल्याकडे राहणार नाहीत आणि त्यांवर आपला कोणताही हक्क राहणार नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. दलाली किंवा खर्च थकला असेल, तर मालकाचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क कलम २२१ एजंटला देतं, उलट काही ठरलं नसेल तर. मूळ खरेदीखत आणि सोसायटीचा शेअर दाखला "गिऱ्हाइकाला दाखवायला" म्हणून देऊन बसलेले आणि नंतर दलालीच्या वादात ते परत मागत फिरणारे लोक मी पाहिले आहेत. दाखवायला झेरॉक्स पुरते. मूळ कागद घेणाऱ्याच्या वकिलाला आपल्या घरी किंवा बँकेत बोलावून दाखवा.

मुदत घालण्याचंही कारण आहे. मुदत ठरवून दिलेली नेमणूक पुरेशा कारणाशिवाय मध्येच मोडली, तर एजंट भरपाई मागू शकतो (कलम २०५). म्हणून तीन महिन्यांपेक्षा लांब मुदत देऊ नका. काम बरं वाटलं तर वाढवता येते.

आणि दोन्हीकडून दलाली? कायद्यानं ती सरसकट मना नाही. पण दोघांनाही माहीत असलं पाहिजे. मी स्वतः मोठ्या रकमेच्या व्यवहारात हे मान्य करत नाही. विकणाऱ्याला चढा भाव हवा आणि घेणाऱ्याला उतरता. एकाच माणसानं दोघांसाठी जीव तोडून घासाघीस करायची म्हटली, तर कुणाचा तरी तोटा ठरलेलाच. साधं भाड्याचं घर असेल तर चालून जातं.

प्रत्येक निरोप, प्रत्येक भाव

माझ्या आत्याचं प्रकरण इथलं. एजंटनं मालकाच्या सूचनेप्रमाणे काम करायचं, सूचना नसेल तर त्या गावच्या त्या धंद्याच्या रीतीप्रमाणे (कलम २११). धंद्यात अपेक्षित असलेलं कौशल्य आणि काळजी वापरायची (कलम २१२). अडचण आली तर मालकाशी संपर्क साधून सूचना मागायची (कलम २१४). ४९ लाखांचा प्रस्ताव दडपणं यांपैकी कशातच बसत नाही.

त्यापुढची दोन कलमं फार मोलाची आहेत. मालकाला न सांगता एजंटनं स्वतःच, किंवा बायकोच्या, भावाच्या नावानं ती मालमत्ता घेतली, तर महत्त्वाची गोष्ट लबाडीनं लपवली किंवा व्यवहार आपल्या तोट्याचा झाला हे दाखवून मालक तो व्यवहार नाकारू शकतो (कलम २१५). आणि मालकाच्या नकळत एजंटनं स्वतःसाठी व्यवहार करून फायदा कमावला असेल, तर तो फायदा मागण्याचा हक्क मालकाला आहे (कलम २१६).

याला लागून 'नेट'ची पद्धत येते. मालक म्हणतो, "मला नेट ४० पाहिजेत, वरचं तुझं." मग एजंट गिऱ्हाइकाला ४४ सांगतो. मालकानं स्वतःच तशी मुभा दिली असेल, तर नंतर तक्रार करायला जागा उरत नाही. म्हणून नेट बोली करूच नका. टक्क्यात दलाली ठरवा आणि घेणाऱ्याशी किमतीची शेवटची बोलणी समोरासमोर करा. एजंट दोघांची भेटच होऊ देत नसेल, तर मधे काहीतरी रक्कम आहे असं मी धरून चालतो. आजवर हा अंदाज फारसा चुकलेला नाही.

घेणारे असाल तर हीच गोष्ट उलटी. तुम्ही एजंट नेमला असेल, तर मालक किती खाली यायला तयार आहे, घर कधीपासून विकायला आहे, आधीचा सौदा का मोडला, हे त्याला माहीत असेल तर त्यानं तुम्हाला सांगायला हवं. प्रश्न लेखी विचारा, उत्तर लेखी येऊ द्या. व्हॉट्सॲपवरचा संवाद पुरावा म्हणून चालतो, पण तो कोर्टात मांडताना प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असलेला बरा. खरेदीखत झालं म्हणून चॅट पुसू नका.

जागेबद्दल खरं बोलणं

टायटलची, म्हणजे मालकी निर्वेध असल्याची, हमी देणं हे एजंटचं काम नव्हे. ते वकिलाचं काम, आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडूनच घ्यायचा. पण माहीत असलेली अडचण लपवणं किंवा न तपासता ठोकून सांगणं, दोन्ही चूक. प्रकल्पातल्या विक्रीत तर रेराचं कलम १० थेट सांगतं: नसलेल्या मंजुरीचा दावा करायचा नाही, सोयींबद्दल खोटं बोलायचं नाही, आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला ज्या माहितीचा आणि कागदांचा हक्क आहे ते सगळे त्याच्या हाती पडतील असं पाहायचं.

नाशकात मी एजंटला पुढचे प्रश्न हमखास विचारतो. त्यांची उत्तरं न देणारा एजंट माझ्या लेखी बाद.

जागा गोदावरी किंवा नासर्डीच्या जवळ असेल तर पूररेषा. २००८ च्या सप्टेंबरमधला पूर ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळं सांगायला नको. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम होत नाही, आणि दोन रेषांच्या मधे अटी लागतात. "प्लॉटवर बंगला बांधता येईल" असं एजंट म्हणाला, तर शरणपूर रोडवर महापालिकेच्या राजीव गांधी भवनात नगररचना विभागाकडून झोनचा दाखला घेऊन या, मग पुढे बोलू असं सांगा. हद्दीबाहेरच्या गावासाठी नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे जावं लागतं.

शेतजमीन असेल तर प्रश्न वाढतात. घेणारा शेतकरी आहे का? शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकायला कूळकायद्याच्या कलम ६३ ची आडकाठी आहे, परवानगी लागते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ लिहिलेलं असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. आणि त्र्यंबक, इगतपुरी, दिंडोरी, पेठ, सुरगाणा या बाजूला आदिवासी खातेदाराची जमीन असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बिगर-आदिवासीच्या नावानं "नुसतं साठेखत करून ठेवू" म्हणणारा एजंट तुमचे पैसे खड्ड्यात घालतो आहे. या भागात फार्म हाऊसच्या नावाखाली जी स्वस्त जमीन दाखवली जाते, तिच्या सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना मी आधी वाचतो, भाव नंतर विचारतो.

विकणाऱ्यांनाही एक सावधगिरी. तुमच्या एजंटनं तुमच्या कामाच्या ओघात घेणाऱ्याला खोटं सांगितलं, तर कायद्याच्या नजरेत ते तुम्हीच सांगितल्यासारखं होतं (कलम २३८). पाण्याची तीव्र टंचाई असलेल्या सोसायटीबद्दल "चोवीस तास पाणी" असं त्यानं परस्पर ठोकून दिलं, तर व्यवहार मोडायचं कारण घेणाऱ्याला मिळतं. घरातले दोष एजंटला लिहून द्या आणि घेणाऱ्याला सांगायला सांगा.

टोकन आणि विसार

एजंटच्या हातात आलेला तुमचा पैसा तुमचाच असतो. त्यातून आपलं येणं वळतं करून बाकी रक्कम तुम्हाला देणं (कलमं २१७ आणि २१८) आणि मागितल्यावर हिशेब देणं (कलम २१३) त्याला बंधनकारक आहे. पण वसुलीची पाळीच येऊ देऊ नका. टोकन एजंटच्या खात्यात कधीही टाकू नका. थेट मालकाच्या किंवा बिल्डरच्या खात्यात जाऊ द्या, आणि त्याच दिवशी विसार पावती करा. तीत सौदा मोडला तर टोकनचं काय, आणि कर्ज मंजूर झालं नाही तर काय, हे लिहा.

रोखीचा आग्रह धरणाऱ्याला सांगा की स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. रोख रक्कम स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. बिल्डरच्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही (रेरा कलम १३). "आत्ता २० टक्के भरा, करार पुढच्या महिन्यात" असं एजंट सांगत असेल, तर तो बिल्डरला कायदा मोडायला मदत करतो आहे.

दलाली कधी, किती

दर कायद्यानं ठरवलेला नाही. नाशकात साधारण एक ते दोन टक्के अशी बोली होते, भाड्याच्या घराला बहुधा एका महिन्याचं भाडं. वेगळं काही ठरलं नसेल, तर सोपवलेलं काम पूर्ण झाल्याशिवाय दलाली देणं लागत नाही (कलम २१९). एजंट म्हणतो काम म्हणजे गाठ घालून देणं, मालक म्हणतो काम म्हणजे खरेदीखत. सगळे वाद इथेच होतात, म्हणून वरच्या कागदात नोंदणीचा उल्लेख घातला आहे. पावती घ्या. जीएसटी आकारत असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक पावतीवर असला पाहिजे, दर १८ टक्के.

एजंटनं ज्या कामात गैरवर्तन केलं, त्या भागाची दलाली त्याला मागता येत नाही (कलम २२०). त्याचबरोबर, इमानानं काम केलेल्या एजंटची दलाली ऐनवेळी बुडवणारे मालकही मी पाहिले आहेत. खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर ठरलेली रक्कम खळखळ न करता द्यावी. उन्हातान्हात मखमलाबाद ते आडगाव फिरून त्यानं दहा घरं दाखवलेली असतात.

फसवणूक झालीच तर

आधी लेखी नोटीस. काय ठरलं होतं, काय झालं, किती रक्कम हवी, किती दिवसांत, हे तारखांसह लिहून पोचपावतीसह पाठवा. चॅट, पावत्या, बँकेचे उतारे, जाहिरातीचे फोटो एका फाईलमध्ये लावा.

व्यवहार नोंदणीकृत प्रकल्पातला असेल तर रेराच्या कलम ३१ खाली महारेराकडे एजंटविरुद्ध ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क ५,००० रुपये. एजंटची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार महारेराला आहे. निकाल पटला नाही तर अपिलाला ६० दिवस असतात.

जुन्या घराच्या व्यवहारात दलाली देऊन सेवेत कसूर झाली असेल, तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. शुल्क सेवेसाठी दिलेल्या रकमेवर ठरतं, म्हणजे इथे दलालीवर. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क लागत नाही. त्यामुळे बहुतेकांना तक्रार फुकट दाखल करता येते, आणि वकील नेमण्याचीही सक्ती नाही.

खोटे कागद, एकच जागा दोघांना विकणं, टोकन घेऊन गायब होणं, अशा वेळी नोटिशीत दिवस घालवू नका. ज्या हद्दीत पैसे दिले त्या पोलीस ठाण्यात त्याच दिवशी लेखी फिर्याद द्या, प्रतीवर शिक्का घ्या, आणि पैसे बँकेतून गेले असतील तर बँकेलाही लगेच कळवा.